रुंद पान आणि अरुंद पडदा

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संकेतस्थळाच्या पानावर मजकुराच्या ज्या निरनिराळ्या चौकटी असतात, त्या मोबाईलच्या पडद्यावर कोणत्या क्रमानें याव्यात, हा तो विषय. हें काम कारागिरांचें आहे, त्याच्याशीं आमचा काय संबंध, असें आपणांपैकीं कांहींजण म्हणतील. परंतु विजेचें बिल भरण्यापासून मुलांच्या परीक्षेच्या निकालापर्यंत आणि पीकविम्याच्या अर्जापासून यात्रेच्या चौकशीपर्यंत आपले पुष्कळसे व्यवहार आज या वीतभर कांचेंतून चालतात. त्या कांचेवर आधीं काय दिसतें आणि मागाहून काय दिसतें, यावर कित्येकदां काम होणें न होणें अवलंबून असतें. म्हणून ज्यांना संकेतस्थळ तयार करावयाचें आहे, त्यांनीं तर या गोष्टीचा विचार करावाच. पण ज्यांना तें दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचें आहे, अशा शाळा, पतपेढ्या, देवस्थानें आणि ग्रंथालयें चालविणाऱ्या स्त्रीपुरुषांनींही तो करणें अगत्याचें आहे.

उदाहरणें मीं धाराशिव जिल्ह्यांतील घेतलीं आहेत. पूर्वीं उस्मानाबाद या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला २०२३ सालीं धाराशिव हें नांव अधिकृतपणें मिळालें. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके त्यांत आहेत. नीती आयोगाच्या २०१८ सालीं सुरू झालेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमांत महाराष्ट्रांतील जे चार जिल्हे निवडले गेले, त्यांपैकीं हा एक. पुण्यामुंबईच्या कचेरींतील मोठ्या पडद्यावर सुबक दिसणारें पान परंड्याच्या शिवारांत, भर उन्हांत, एका हातानें मोबाईल धरून उभ्या असलेल्या मनुष्याला कसें दिसतें, हा प्रश्न अशा जिल्ह्यांतच नीट विचारतां येतो.

प्रथम मूळ अडचण कोठें आहे तें पाहूं. मोठ्या पडद्यावरील पान हें वर्तमानपत्रासारखें असतें. त्याला रुंदी असते, दोन-तीन रकाने असतात, आणि वाचकाला तें सगळें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. उजव्या कोपऱ्यांत तांबड्या अक्षरांत कांहीं छापलेलें असेल, तर डोळा आपण होऊन तेथें जातो. आधीं डावीकडचें सर्व वाचून मगच उजवीकडे वळावें, असें बंधन त्याच्यावर नसतें. मोबाईलच्या पडद्याला मात्र रुंदी जवळजवळ नाहींच. तेथें रकाने शेजारीशेजारी मावत नाहींत, म्हणून ते एकाखालीं एक लागतात. वर्तमानपत्राची जणूं सुट्या पानांची पोथी होते, आणि पोथी ही एकामागून एक पान उलटूनच वाचावी लागते. आपण या क्षणीं जें ऐकत आहां, त्या आकाशवाणीचेंही तेंच आहे. येथें दोन बातम्या शेजारीशेजारी ठेवतां येत नाहींत. एक आधीं सांगावी लागते, दुसरी मागाहून. जेथें रुंदी नाहीं तेथें सगळा भार क्रमावर येऊन पडतो. या एका वाक्यांत आजच्या विषयाचें सार आहे.

ही अडचण कशी उद्भवली, हें थोडक्यांत सांगतों. २००७ सालीं ॲपलचा आयफोन बाजारांत आला, तेव्हां जगांतील बहुतेक पानें मोठ्या पडद्यासाठीं लिहिलेलीं होतीं. म्हणून त्या फोनांतील ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असें धरून तें रेखीत असे आणि मग सगळें आकसून छोट्या कांचेवर बसवीत असे. अक्षर मुंगीएवढें दिसे. दोन बोटांनीं पान ताणून वाचावें लागे. २०१० सालीं ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें एका लेखांत असें सुचविलें कीं, मोठ्या आणि लहान पडद्यांसाठीं निरनिराळीं पानें करण्याऐवजीं एकच पान असें लिहावें, कीं जें पडद्याच्या रुंदीप्रमाणें स्वतःची मांडणी बदलील. या पद्धतीला प्रतिसादी रचना म्हणतात. तिच्यांत पानाला एक अट घालून ठेवलेली असते: पडदा अमुक पिक्सेलांहून रुंद असेल तर तीन रकाने कर, अरुंद असेल तर एकच कर. या अटीला ‘मीडिया क्वेरी’ असें नांव आहे. आजच्या साधारण मोबाईलची रुंदी या मापानें ३६० ते ४३० पिक्सेलांच्या आसपास भरते, म्हणजे एकच रकाना. अक्षर आतां स्पष्ट दिसतें, ताणावें लागत नाहीं. परंतु तीन रकान्यांचा एक रकाना करतांना कोणता वर जावा आणि कोणता खालीं, हें कोणी ठरवावयाचें? जर कोणी मुद्दाम ठरविलें नाहीं, तर तें आपोआप ठरतें. आणि तेथेंच घोटाळा होतो.

एक कल्पित पान डोळ्यांपुढें आणूं. समजा, एखाद्या तालुक्यासाठीं अतिवृष्टीच्या दिवसांत माहिती देणारें पान कोणी तयार केलें आहे. डावीकडच्या रकान्यांत दुव्यांची लांबलचक यादी, कांहीं छायाचित्रें आणि जुन्या सूचना आहेत. मधल्या रकान्यांत तालुक्याचा इतिहास, भूगोल आणि पर्जन्यमान आहे. उजव्या रकान्यांत आजचा इशारा, नियंत्रण कक्षाचा दूरध्वनि क्रमांक आणि निवाऱ्याच्या जागा दिल्या आहेत. मोठ्या पडद्यावर या रचनेंत कांहींएक वावगें दिसत नाहीं. उलट उजवीकडची चौकट ठळक उठून दिसते. आतां हेंच पान मोबाईलवर उघडा. डावा रकाना वर येतो, त्याखालीं मधला, आणि सर्वांत शेवटीं उजवा. दूरध्वनि क्रमांक दहा-बारा पडदे खालीं जातो. सप्टेंबर २०२५ मध्यें परंडा आणि भूम या तालुक्यांत अतिवृष्टीमुळें नद्यांना पूर आले, गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं आणि बचावपथकांना लोकांची सुटका करावी लागली. अशा रात्रीं मोबाईलमध्यें वीज थोडी उरलेली, जाळें मंद, आणि ज्याला क्रमांक हवा आहे त्याच्यासमोर प्रथम उभें राहतें तें तालुक्याचें सरासरी पर्जन्यमान! माहिती पानावर आहे, खोटी नाहीं, अपुरी नाहीं. केवळ तिची जागा चुकली आहे. पण त्या मनुष्याच्या दृष्टीनें ती नसल्यासारखीच झाली.

असें कां होतें? प्रत्येक पानाचीं दोन अंगें असतात. एक अंग म्हणजे त्याचा मूळ लेख. तो एचटीएमएल नांवाच्या खुणांच्या भाषेंत, वरून खालीं, एकामागून एक असा लिहिलेला असतो. दुसरें अंग म्हणजे त्याचा पेहराव. रंग, अक्षरांचा आकार, रकान्यांची रुंदी आणि चौकटींच्या जागा या पेहरावांत येतात, आणि तो सीएसएस नांवाच्या दुसऱ्या भाषेंत सांगितलेला असतो. मोठ्या पडद्यावर पेहराव मूळ लेखांतल्या चौकटी शेजारीशेजारी बसवितो. पडदा अरुंद झाला कीं ही सोय संपते आणि ब्राउझर मूळ लेखाच्या क्रमाकडे परत जातो. ज्यानें पान लिहिलें त्यानें डावा रकाना आधीं लिहिला असेल, तर मोबाईलवर तोच आधीं येणार. महत्त्वाचें काय आणि बिनमहत्त्वाचें काय, हें ब्राउझरला कळत नाहीं. आधीं काय लिहिलें तेवढेंच त्याला कळतें.

याच दोषाचा एक सूक्ष्म प्रकार अनेक पानांवर आढळतो. तो पर्यटनाच्या उदाहरणानें लवकर ध्यानांत येईल. जिल्ह्यांतील तीन स्थळांची ओळख करून देणारें पान आहे असें समजूं. पहिलें नळदुर्ग: बोरी नदीवरील धरणाच्या पोटांत बांधलेला पाणीमहाल आणि पाणी सांडूं लागलें म्हणजे कोसळणारे नर व मादी हे दोन धबधबे. दुसरें तेर: तेरणाकांठचें प्राचीन तगर, ज्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनांत आहे, आणि जें संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिसरें परंडा, तेथील भुईकोट किल्ल्यासाठीं. पान शोभिवंत दिसावें म्हणून रचनाकार नागमोडी मांडणी करतो. पहिल्या ओळींत चित्र डावीकडे, मजकूर उजवीकडे. दुसऱ्या ओळींत मजकूर डावीकडे, चित्र उजवीकडे. तिसऱ्या ओळींत पुन्हां पहिल्यासारखें. मोठ्या पडद्यावर हें फार छान दिसतें.

मोबाईलवर मात्र या तीन ओळींच्या सहा चौकटी एकाखालीं एक पडतात, त्या अशा: नळदुर्गाचें चित्र, नळदुर्गाचा मजकूर, तेरचा मजकूर, तेरचें चित्र, परंड्याचें चित्र, परंड्याचा मजकूर. मधोमध दोन मजकूर लागोपाठ आले आणि त्यापाठोपाठ दोन चित्रें लागोपाठ आलीं. पहिल्या स्थळापाशीं वाचकानें मनाशीं नियम बांधला, कीं आधीं चित्र आणि मग त्याची माहिती. त्या नियमानें तो पुढें गेला, तर तेरचा मजकूर त्याला नळदुर्गाच्या वर्णनाचाच पुढचा भाग वाटतो, आणि तेरचें चित्र परंड्याच्या पदरांत पडतें. जाणत्या मनुष्याला ही गफलत उमगेल. पण ज्या मुलानें यांतलें एकही स्थळ पाहिलेलें नाहीं, तें शाळेच्या निबंधांत गोरोबाकाकांना नळदुर्गाच्या पाणीमहालांत नेऊन बसविल्याखेरीज राहणार नाहीं.

या दुखण्यावरचा उपाय सोपा आहे. मूळ लेखांत तिन्ही स्थळांचा क्रम एकसारखा ठेवावा: चित्र, मजकूर, चित्र, मजकूर, चित्र, मजकूर. म्हणजे मोबाईलवर काय दिसेल याची चिंता उरत नाहीं. मग मोठ्या पडद्यासाठीं, आणि केवळ त्याच्यासाठींच, मधल्या ओळीला दिशा उलट करण्याची आज्ञा द्यावी. अशी आज्ञा सीएसएसच्या ‘फ्लेक्सबॉक्स’ या योजनेंत आहे. तिनें डावें उजवीकडे जातें आणि उजवें डावीकडे येतें. नागमोडी शोभाही राहते. यांतील तत्त्व असें, कीं लहान पडद्याचा क्रम हा पाया मानावा आणि मोठ्या पडद्यावरील वळणें ही त्यावरची नक्षी समजावी. पुष्कळ ठिकाणीं याच्या उलट केलें जातें. नक्षी आधीं कोरतात, आणि पाया मागाहून तिच्याखालीं सरकवूं पाहतात.

आतां दुसरा उपाय. पान अगोदरच तयार झालेलें आहे, मूळ लेखाला हात लावणें कठीण आहे, अशा वेळीं कारागीर ‘ऑर्डर’ नांवाचा गुण वापरतात. त्याची रीति पोथीच्या पत्रांकांसारखी आहे. सुट्या पानांची पोथी हातांतून पडून विस्कटली, तरी समासांतील पत्रांक पाहून ती पुन्हां लावतां येते. त्याचप्रमाणें प्रत्येक चौकटीला एक अंक देतां येतो. मुळांत सर्व चौकटींचा अंक शून्य असतो, आणि शून्यच असलेल्या चौकटी लेखाच्या क्रमानें लागतात. ज्या चौकटीचा अंक लहान ती आधीं, ज्या चौकटीचा मोठा ती नंतर. उणें एक असा अंकही चालतो. तेव्हां जी चौकट सर्वांच्या पुढें आणावयाची, तिला अरुंद पडद्याच्या अटीखालीं उणें एक दिलें कीं काम झालें. यांत एक मेख आहे आणि तिच्यापाशीं नवशिके हटकून अडतात. हा अंक एकाच घरच्या भावंडांपुरता चालतो. एका मोठ्या चौकटीच्या पोटांत ज्या लहान चौकटी आहेत, त्यांचा आपसांतील क्रम त्यानें बदलतो. परंतु एका घरांतलें मूल उचलून शेजारच्या घरांतल्या मुलांच्या पंक्तींत बसविणें त्याला साधत नाहीं. शिवाय बाहेरची मोठी चौकट फ्लेक्सबॉक्स किंवा ‘ग्रिड’ या योजनेखालीं असली पाहिजे. नसली तर तो अंक कोणी विचारांतही घेत नाहीं.

हा उपाय सोयीचा आहे खरा, पण त्याची मर्यादा ओळखून असलें पाहिजे. या अंकानें डोळ्यांना दिसणारा क्रम बदलतो. मूळ लेख जसाच्या तसा राहतो. ज्यांना दृष्टि नाहीं किंवा अगदीं अधू आहे, अशीं माणसें पान ऐकतात. अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक आणि आयफोनमध्यें व्हॉइसओव्हर या नांवाची सोय असते. ती पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविते. त्यांच्यापुरता मोबाईल म्हणजे आकाशवाणीच होय. ही वाचणारी योजना सामान्यतः मूळ लेखाच्या क्रमानें चालते, पेहरावाच्या नव्हे. ज्यांना हाताच्या दुखण्यामुळें उंदीर किंवा स्पर्शाचा पडदा वापरतां येत नाहीं आणि जे कळफलकावरील टॅबची कळ दाबीत एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जातात, त्यांनाही तोच मूळ क्रम भेटतो. मघांच्या पुराच्या पानावर दूरध्वनीच्या चौकटीला नुसता उणें एक अंक दिला, तर डोळसाला ती सर्वांत वर दिसेल आणि अंधाला ती सर्वांत शेवटीं ऐकूं येईल. दोघेही एकाच गांवांत, एकाच पाण्यांत अडकलेले असूं शकतात.

म्हणूनच या बाबतींत नियम झालेले आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शिकेंत दोन कलमें नेमकीं याविषयीं आहेत. जेथें मजकुराच्या क्रमावर अर्थ अवलंबून असेल, तेथें तो क्रम यंत्रालाही ओळखतां आला पाहिजे, हें एक. आणि कळफलकानें फिरतांना दुवे अर्थाला धरून असलेल्या क्रमानें आले पाहिजेत, हें दुसरें. २०१८ सालच्या सुधारित आवृत्तींत आणखी एक भर पडली. पान ३२० पिक्सेल रुंदीपर्यंत अरुंद केलें तरी, नकाशे व कोष्टकें यांसारखे अपवाद सोडून, तें वाचण्यासाठीं आडवें सरकवावें लागूं नये. आपल्याकडेही सरकारी संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें २००९ सालीं प्रसिद्ध झालीं आणि २०१८ व २०२३ सालीं त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें तर माहितीची सुगमता ही हक्काची बाब मानली आहे.

तिसरा एक उपाय प्रचारांत आहे, आणि त्याच्याविषयीं सावध करणें अवश्य आहे. कांहीं कारागीर एकच चौकट दोनदां लिहितात. एक प्रत मोठ्या पडद्यासाठीं उजवीकडे, दुसरी मोबाईलसाठीं वर. आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणें एक दाखवून दुसरी लपवितात. वरकरणीं हें बिनचूक वाटतें. पण काळ जातो, पान सांभाळणारा मनुष्य बदलतो, आणि नव्या मनुष्याला दोन प्रती आहेत हें ठाऊक नसतें. सोयाबीनच्या पीकविम्याची अखेरची तारीख पुढें ढकलली गेली असें समजा. तो कचेरींत बसून आपल्या मोठ्या पडद्यावर दिसणारी प्रत दुरुस्त करतो आणि समाधानानें घरीं जातो. शेतकऱ्याच्या मोबाईलवर मात्र जुनीच तारीख उभी असते. ती वाचून तो म्हणतो, मुदत संपली, आतां जाऊन उपयोग नाहीं. यांत कोणाचा हेतु वाईट नव्हता. तरी एका कुटुंबाचें वर्षाचें संरक्षण गेलें. एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी, हा हिशेबवहीचा जुना नियम येथेंही तितकाच खरा आहे.

तेव्हां उत्तम मार्ग कोणता? लेखणी हातांत घेण्यापूर्वीं मोबाईलवरचा क्रम ठरवावा आणि मूळ लेख त्याच क्रमानें लिहावा. मोबाईल आधीं, मोठा पडदा मागाहून, असें या पद्धतीचें सूत्र आहे. अमेरिकन रचनाकार ल्यूक व्रोब्लेव्स्की यानें तें २००९ सालापासून आग्रहानें मांडलें. लेख असा तयार झाला म्हणजे रुंद पडद्याच्या अटीखालीं ग्रिड या योजनेनें चौकटींना जागा नेमून द्याव्यात. ही योजना २०१७ सालापासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झाली. तिच्यांत पानाचा जणूं जमिनीचा नकाशा आंखतां येतो: हा भाग शीर्षाचा, हा मुख्य मजकुराचा, हा सूचनेचा; आणि मग प्रत्येक चौकट आपापल्या भूखंडांत जाऊन बसते. मात्र याही वेळीं डोळा ज्या क्रमानें फिरेल आणि लेख ज्या क्रमानें आहे, त्यांत फार अंतर पडूं देऊं नये.

येथवर कारागिरीचा भाग झाला. पण कोणती चौकट आधीं, या प्रश्नाचें खरें उत्तर यंत्राजवळ नाहीं. तें पान वाचणाऱ्याच्या गरजेंत आहे. तुळजापूरचेंच उदाहरण घ्या. शारदीय नवरात्रांत आणि अश्विनी पौर्णिमेला तेथें फार मोठी गर्दी होते. सोलापूरकडून आणि कर्नाटकांतून हजारों माणसें पायीं चालत येतात. त्यांच्यासाठीं एखाद्या स्वयंसेवक मंडळानें पान करावयाचें ठरविलें, तर त्यांत काय काय असेल? देवीच्या स्थानाचा इतिहास असेल, मंदिराच्या वास्तूचें वर्णन असेल, छायाचित्रें असतील. आणि दर्शनाच्या वेळा, रांग कोठून सुरू होते, वाहनें कोठें लावावीं, पाणी व औषधोपचार कोठें मिळतील, चुकामूक झाल्यास कोणाला विचारावें, हेंही असेल. चालून चालून पाय सुजलेल्या बाईला, कडेवर मूल घेऊन उभी असतांना, यांपैकीं प्रथम काय हवें, हें सांगावयास तज्ज्ञ नको. इतिहास कमी मोलाचा आहे असें नव्हे. भोसले घराण्याच्या या कुलदेवतेचा इतिहास कोणाला नको आहे? पण शेंकडों वर्षें थांबलेला इतिहास आणखी दोन पडदे थांबूं शकतो. तहान थांबूं शकत नाहीं.

त्याच पानावर ज्या सूचना द्यावयाच्या, त्या जसजशा घडतात तसतशा द्याव्यात. यात्रेकरू महाद्वारांतून पायऱ्या उतरतो, तीर्थें ओलांडतो, निंबाळकर दरवाज्यांतून आंत जातो, आणि मग गाभारा. पाऊल ज्या क्रमानें पडतें त्या क्रमानें मजकूर असला, म्हणजे वाचक चालतां चालतां वाचूं शकतो. आधीं गाभाऱ्याची सूचना आणि नंतर पादत्राणें कोठें ठेवावीं हें सांगितलें, तर तो अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. सर्वसाधारणपणें म्हणावयाचें तर, हें पान कशाविषयीं आहे, कोणासाठीं आहे, केव्हांपर्यंत आहे, काय करावयाचें आहे आणि अडल्यास कोणाला विचारावयाचें, या पांच प्रश्नांचीं उत्तरें पहिल्या दोन पडद्यांत आलीं पाहिजेत. परिचय, प्रास्ताविक, छायाचित्रें आणि इतर दुवे त्यांच्यामागून.

येथें आपल्याकडील एका संवयीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. सभेंत आधीं सत्कार, हार, प्रास्ताविक आणि मग व्याख्यान, ही आपली रीत. संकेतस्थळांवरही ती अवतरते. वरच्या जागीं मान्यवरांच्या तसबिरी, त्याखालीं सरकणारीं चित्रें, मग स्वागताचे दोन शब्द. मोठ्या पडद्यावर त्यांनीं एक पट्टी अडते. मोबाईलवर त्याच तसबिरी एकाखालीं एक उभ्या राहिल्या म्हणजे पहिले चार पडदे त्यांतच जातात. मान द्यावा, अवश्य द्यावा. आपल्या लग्नपत्रिकेंतही आरंभीं कुलदैवताचें नांव असतें. पण तें एका ओळींत असतें, आणि त्याखालीं लगेच वधूवरांचीं नांवें, तिथि, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. पत्रिका लिहिणाऱ्या आपल्या वाडवडिलांना लहान कागदावर क्रम कसा लावावा हें उत्तम ठाऊक होतें. तोच विवेक येथें दाखवावयाचा आहे.

कोष्टकांविषयीं दोन शब्द. एस्.टी.चें वेळापत्रक किंवा बाजारभावांचा तक्ता अशा ठिकाणीं शेजारच्या रकान्यांच्या संबंधांतच अर्थ असतो. तें एकाखालीं एक मोडून टाकलें, तर नुसते आंकडे उरतात. अशा वेळीं प्रत्येक ओळीची एक चौकट करून प्रत्येक आंकड्याशेजारीं त्याचें नांव पुन्हां लिहावें, किंवा तेवढें कोष्टकच आपल्या जागीं आडवें सरकूं द्यावें.

कोणी म्हणेल, वाचक बोटानें पान सरकवितोच. थोडें अधिक सरकवील, त्यांत बिघडलें काय? ज्याला फुरसत आहे, ज्याचें जाळें वेगवान आहे आणि ज्याची दृष्टि चांगली आहे, त्याचें कांहीं बिघडत नाहीं. पण मंद जाळ्यावर पानाचा वरचा भाग बहुधा आधीं हातीं येतो, आणि मधली जड चित्रें उतरण्यांतच वेळ जातो. ऐकणाऱ्याला तर वरचें सगळें ऐकावें लागतें, किंवा मथळ्यामागून मथळे ओलांडावे लागतात. शिवाय गूगलनें २०१६ सालीं जाहीर केल्याप्रमाणें संकेतस्थळांची नोंद त्यांच्या मोबाईलवरील रूपावरून घेण्यास क्रमाक्रमानें सुरुवात केली आणि हें स्थित्यंतर २०२३ सालीं पूर्ण झालें. म्हणजे मोबाईलवरचें रूप हें आतां दुय्यम राहिलेलें नाहीं. शोधणाऱ्यांच्या दृष्टीनें तेंच मुख्य रूप आहे.

आपलें पान या कसोटीला उतरतें कीं नाहीं, हें पाहण्यास फार विद्या लागत नाहीं. संगणकावर ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करीत जा आणि कोणती चौकट कोणाच्या खालीं पडते तें पाहा. मग माउस बाजूला ठेवून टॅबची कळ दाबीत जा. ठळक होणारी खूण वरून खालीं सरळ उतरते कीं उड्या मारते, याकडे लक्ष द्या. नंतर साधा मोबाईल घ्या, घराबाहेर उन्हांत जा, आणि एका हातानें पान उघडा. शेवटीं फोनांतली वाचून दाखविण्याची सोय सुरू करून डोळे मिटा आणि ऐका. ऐकतांना अर्थ लागत गेला, पुढची गोष्ट मागच्या गोष्टीवरून ओघानें आली, आणि जें हवें होतें तें कंटाळा येण्यापूर्वीं कानीं पडलें, तर पान चांगलें आहे असें खुशाल समजावें. संकेतस्थळ दुसऱ्याकडून करवून घेणाऱ्यांनीं पैसे चुकते करण्यापूर्वीं ही परीक्षा आपल्या घरांतील वडील माणसाकडून करून घ्यावी. तीं तज्ज्ञ नसतात, म्हणूनच त्यांचा निर्णय मोलाचा असतो.

श्रोतेहो, आधीं काय सांगावें आणि मागाहून काय सांगावें, हा विवेक नवा नाहीं. कीर्तनकाराला तो लागतो, पत्रलेखकाला लागतो, दारीं आलेल्या पाहुण्याला प्रथम पाणी देणाऱ्या गृहिणीला तो लागतो. रुंद पडद्यानें कांहीं काळ आपल्याला त्याचा विसर पडूं दिला. सगळें एकदम दिसत होतें, म्हणून क्रमाचा विचार करण्याची गरज भासली नाहीं. अरुंद पडद्यानें ती गरज पुन्हां समोर आणून ठेविली आहे. जो मनुष्य आपलें पान उघडतो, तो कोठें उभा आहे, त्याच्या हातांत किती वेळ आहे आणि त्याला प्रथम काय हवें आहे, एवढें ध्यानांत ठेवून चौकटी लावल्या, तर परंड्याच्या शिवारांतील मनुष्याला आणि पुण्याच्या कचेरींतील मनुष्याला तें पान सारखेंच उपयोगीं पडेल.